झोळीवरचा हात

बमरोलीत आठवड्यातून एक दिवस वीज बंद असे आणि त्या दिवशी भिंतीपलीकडच्या कारखान्यातले लूम, म्हणजे यंत्रमाग, गप्प होत. धनश्री त्याच दिवसाची वाट पाहत होती. तिच्या पाच महिन्यांच्या लखनचं काळीज आज तिला कान लावून ऐकता येणार होतं.

डॉक्टरांनी ईसीजीची कागदी पट्टी दाखवून समजावलं होतं, "बेन, करंट ऊपर के खाने से निकलता है. बीच में चौकी है, वहाँ जरा रुकता है, फिर नीचे जाता है. तब नीचे का खाना धड़कता है. इसका करंट कभी-कभी चौकी पर ही अटक जाता है." सोमवारी मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. तोवर ओठ जांभळे पडतात का, यावर लक्ष ठेवायचं.

तिचा संशय मात्र सासूच्या हातावर होता. मालतीबाई दिवसभर लखनची झोळी थोपटत. तीन थापा, मग खंड, मग एक. बाबांचा लूम अस्साच लंगडा चालायचा, असं नवरा सहज बोलून गेला होता. बाबा, म्हणजे तिचे सासरे उखा, त्या लूमवरच गेले, तिच्या लग्नाआधी. त्या लंगड्या तालानंच पोराचं काळीज बिघडलं असेल तर? बारावी सायन्सवालीनं असं म्हणावं, याची तिला लाज वाटे. पण वाटायचं ते वाटेच.

"आत्याबाई, हात काढा. ठोके ऐकायचेत मला."

"ले माय, काढी लिधा हात." मालतीबाईंनी दळणाचा डबा कडेवर घेतला. "पण मी थकनू का तो थोपटस. तेले नको आडवू."

"तो... कोण?"

मालतीबाई पांडेसऱ्याच्या चक्कीकडे निघूनही गेल्या होत्या; तिकडे आज वीज होती.

धनश्रीनं वाकून लखनच्या छातीला कान लावला. धक्... धक्... धक्...

मग काहीच नाही.

वरून निघालेला निरोप त्या चौकीवरच अडला होता. ओठांची कड जांभळी होत गेली. उचलून रिक्षाकडे पळायला तिनं झोळीत हात घातला, तोच...

झोळीचं लुगडं बाहेरून आत दबलं. थप.

धक्.

ओठ पुन्हा गुलाबी झाले. लुगड्यावर चार बोटं उमटत होती, विरत होती. तीन. खंड. एक. पलीकडे कुणीच नव्हतं; नुसता लूमच्या तेलाचा आणि बिडीचा वास.

"थांबू... थांबू नका," ती पुटपुटली. मघाशी हात काढायला लावणारी तीच.

एवढ्यात वीज आली. भिंतीपलीकडे सगळे लूम एकदम सुटले, फरशी थरथरली. आता ना धक् ऐकू येईना, ना थप. तिनं घाबरून झोळीवर तळहात टेकवला.

तिथे आधीच एक हात होता. खरखरीत, गार. तो हळूच तिच्या हाताखालून निसटला.

ती झोळीपाशी बसून थोपटू लागली. तीन. खंड. एक.

किती वेळानं कोण जाणे, मालतीबाई परतल्या. पिठाचा डबा खाली ठेवून त्यांनी झोळीकडे पाहिलं, धनश्रीच्या शेजारच्या मोकळ्या फरशीकडे पाहिलं, आणि तिच्या कानाशी वाकल्या.

"जराशी सरक, माय. तेले बठू दे."