बुजवलेला झरोका

"मामा, संध्याकाळच्या आत पोचायचंय," ताईने आठवण करून दिली.

"अगं, एवढं देखणं शहर वाटेत आलंय, ते काय नुसतं काचेतून बघायचं? दोन तास थांबू. अंघोळी उरकू, पोटात काहीतरी ढकलू," म्हणत मामाने गाडी वळवलीसुद्धा. मामाचं हे असंच, मनात आलं की झालं.

शहर खरंच छान होतं. रस्त्याच्या मधोमध फुलझाडं, घरांना नवा रंग. लॉजही चकाचक होतं. जिन्यात गावोगाव फिरून पुस्तकं विकणाऱ्या एक बाई भेटल्या. त्या शेजारच्याच खोलीत उतरल्या होत्या.

"पाणी छान कढत येतं हो इथं. मीही आता अंघोळीलाच निघालेय," त्या हसून म्हणाल्या.

मामा गाडीच्या चाकांत हवा भरायला गेला. ताई अंघोळीला गेली आणि पाचच मिनिटांत भिंत धरत बाहेर आली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"डोकं ठणकतंय. मळमळतंय," म्हणत ती खाटेवर बसली.

तिचा भाऊ चष्मिष बाथरूममध्ये डोकावला. गॅसचा गीझर पेटलेलाच होता, तो त्याने आधी बंद केला. वर झरोक्यावर पुठ्ठा ठोकून पांढरा रंग फासला होता.

"ताई, इथं हवा यायला जागाच नाही. बंद जागेत गॅस जळला की विषारी वायू होतो. त्याला वाससुद्धा नसतो, विज्ञानाच्या बाई म्हणाल्या होत्या."

धाकटी पिटुकली भिंतीला कान लावून उभी होती. "शेजारी पाणी कधीचं वाहतंय," ती म्हणाली.

तिघांनी शेजारचं दार बडवलं. आतून ओ नाही. तिघंही धावत खाली मॅनेजरकडे गेली आणि शेजारच्या खोलीची किल्ली मागू लागली.

"झरोके मीच बुजवलेत गेल्या आठवड्यात," मॅनेजर म्हणाला. "कबुतरं घाण करतात, आणि उद्या स्वच्छ शहराच्या स्पर्धेचे परीक्षक यायचेत. बाई निवांत अंघोळ करतायत, किल्ली कसली मागता? लहान तोंडी मोठा घास नको."

ताईने वाद घातला नाही. वर जाऊन तिने भरलेली बादली बाईंच्या दाराशी, नव्याकोऱ्या गालिच्यावर उपडी केली.

"मॅनेजरकाका, त्या खोलीतून पाणी येतंय! गालिचा भिजला!" पिटुकली जिन्यातून ओरडली.

आता मात्र मॅनेजर किल्ल्या घेऊन धावत आला. दार उघडलं. बाथरूमचं दार नुसतंच लोटलेलं होतं. बाई आत ओल्या फरशीवर निपचित पडल्या होत्या. ताईने श्वास रोखून गीझर बंद केला, त्यांच्यावर चादर टाकली आणि सगळ्यांनी मिळून त्यांना ओढत गॅलरीत आणलं. तेवढ्यात मामा परतला. त्याने गाडी थेट दवाखान्यात नेली.

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आणखी दहा मिनिटं गेली असती, तर बाई हाती लागल्या नसत्या. शाब्बास रे पोरांनो."

मामाने तिघांना जवळ ओढलं.

पाठोपाठ आलेला मॅनेजर कोपऱ्यात घाम पुसत उभा होता. "गेल्या सोमवारी," तो अडखळला, "त्याच खोलीत एक आजोबा गेले. बाथरूममध्येच. वय झालेलं, म्हणून आम्हाला वाटलं, हृदय बंद पडलं."

पिटुकली रडायला लागली.

"त्यांच्या घरच्यांनाही अजून तसंच वाटतंय?" ताईने विचारलं.

मॅनेजरने होकारार्थी मान हलवली.

"मग त्यांना फोन लावा. आत्ता," ताई म्हणाली. "तुमचं बोलून होईपर्यंत आम्ही इथंच थांबतो."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवला.