खालची रेघ

इंग्रजी बोलताना ‘इन’ म्हणावं, ‘ऑन’ म्हणावं की ‘ॲट’, या पेचात कॉलेजात मृदुला चौगुलेची इतकी शोभा झाली होती की त्या शरमेतूनच पुढे तिचं यंत्र जन्माला आलं. तिने त्याला नाव दिलं ‘संकोचवेधक’.

आज पुण्यातल्या प्रयोगशाळेत त्याची चाचणी होती. समितीने मान्यता दिली तरच तिच्या इतक्या वर्षांच्या कष्टांचं चीज होणार होतं. आदल्या दिवशी स्वयंसेवक आजारी पडला, तेव्हा तिने कोल्हापूरहून वडिलांना बोलावून घेतलं. फौंड्रीत जन्म काढलेल्या आण्णांइतकं हमखास चुकणारं दुसरं कोण मिळणार?

“चुका दुरुस्त करणारी यंत्रं ढिगाने आहेत,” समितीचे डॉ. फर्नांडिस म्हणाले.

“ती बोलणाऱ्याला सतत टोकतात, सर. हे यंत्र वाक्य ऐकतं, पण गप्प बसतं. माणूस मनात ओशाळला की मेंदूत एक लहर उठते. ती पकडली की लगेच योग्य शब्द कानात सांगतं. मदत कधी हवी, ते लाजच ठरवते.”

पडद्यावर दोन रेघा सरकत होत्या. वरची आण्णांची, खालची तिची. इंग्रजीत बोलायचं म्हणून तिनेही यंत्र लावलं होतं. रेघ उसळली की माणूस लाजला, एवढं तिने आण्णांना समजावून ठेवलं होतं.

आण्णा उठले, सदरा सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “आय ॲम व्हेरी प्राउड ऑन माय डॉटर.”

वरची रेघ सरळच राहिली. त्यांना कसली लाज? खालची मात्र ताडकन उसळली. मृदुलाच्या कानात यंत्र कुजबुजलं, ‘ऑफ’. पडद्यावरही तो शब्द उमटला, तिच्या नावापुढे.

तिला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

“मृदे, खालची रेघ तुझी न्हवं?” आण्णांनी विचारलं.

“होय, आण्णा.”

त्यांनी कानातलं यंत्र काढून जपून टेबलावर ठेवलं आणि ते फर्नांडिसांकडे वळले. “मशीन चांगलं चालतंय, साहेब. पास करा. पोरीनं लई कष्ट घेतल्यात.”

खालची रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. मृदुलाच्या कानात मात्र काहीच आलं नाही. आण्णांच्या बोलण्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं.