उद्या पाणी येणार नाही

“उद्या मिरजेत पाणी येणार नाही. आजच भरून ठेवा,” तन्वीताई आरवाडे माईकमध्ये म्हणाल्या. पुढचं वाक्य मात्र त्यांनी सरकारी खर्चाने घरकामाला लावलं. “तसंच किल्ला भागातल्या एका गृहस्थांच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं राहिलंय. त्यांनी ते कृपया लावावं.”

हे गृहस्थ म्हणजे तन्वीताईंचे यजमान पारसराव. संध्याकाळी तेच हसत हसत बायकोला सांगत होते, “कोण वेंधळा असेल गं हा? रेडिओवर वरात निघाली बिचाऱ्याची! म्हटलं, आपलंही बघून यावं, तर आपलंही उघडंच की!”

तन्वीताईंनी कपाळावर हात मारला. घरात बोलून नवऱ्याच्या कानात काही शिरत नाही, ही तक्रार बायका पूर्वीपासून करत आल्या आहेत. तन्वीताईंची तक्रार मात्र शास्त्रीयदृष्ट्या खरी होती.

कारण पारसरावांच्या कानात कानसखी होती. सगळ्या मिरजेच्याच होती म्हणा ना. हरभऱ्याएवढं ते यंत्र. बाहेरचा आवाज अडवायचा, माणसाला रुचेल असा करायचा आणि मग आत सोडायचा, एवढंच त्याचं काम. शेजारी भांडायला आला तरी ऐकणाऱ्याला तो ख्यालीखुशाली विचारतोय असं वाटे. गावातली भांडणं संपली. कोर्टात कबुतरं राहू लागली.

याला एकच अपवाद होता. एक तरी आवाज लोकांपर्यंत जसाच्या तसा पोचला पाहिजे, असा कायदा होता. म्हणून ‘लोकध्वनी’ या सरकारी रेडिओच्या माईकमध्ये जे बोललं जाई, त्याला ऐकू न येणारी एक खूण-लहर जोडलेली असे. ती लहर आली की कानसखी मुकाट्याने बाजूला होई. निवेदकांना मात्र स्वतःला कानसखी घालायला बंदी होती. त्यामुळे तन्वीताई सगळ्यांचं सगळं खरं ऐकत आणि त्यांचं खरं लोक ऐकत ते फक्त रेडिओवर.

त्यांनी चिठ्ठ्या लिहूनही पाहिल्या होत्या. पारसराव त्या कौतुकाने बायकोकडूनच मोठ्याने वाचून घेत.

आता हा रेडिओच बंद व्हायची वेळ आली होती. लोकांना नको ते ऐकवायला लोकांचाच पैसा का उडवायचा, असा प्रश्न विधानसभेत कोणीतरी विचारला आणि अनुदान चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला समिती नेमली गेली. समितीची जनसुनावणी मिरज केंद्रातच, थेट प्रक्षेपणात होती. तन्वीताईंना पगाराची फिकीर नव्हती. निवृत्तीला आल्याच होत्या. पण हा माईक गेला, तर आपण म्हणतो ते पारसरावांना जन्मात कळणार नाही, या विचाराने त्यांना आदल्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

सुनावणीआधी व्हरांड्यात त्यांना डॉ. शार्दूल वाळवेकर भेटले. कानसखी हे यांचंच अपत्य आणि समितीतही हेच. मांजरालाच दुधाची राखण!

“डॉक्टर, तुमचं यंत्र खोटं बोलतंय की ओ,” तन्वीताईंनी सरळच तोफ डागली. हातात माईक नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी बाहेरच्या कार्यक्रमांचा, भोंगा लावलेला फिरता माईक घेतला आणि तेच पुन्हा म्हटलं.

डॉक्टर दचकले. मग समजावू लागले. “खोटं नाही हो, ताई. आपला मेंदू पुढचा शब्द कानावर पडायच्या आधीच ओळखून ठेवतो. अंदाज बरोबर आला की तो खूश. चुकला की दचकतो, थकतो, चिडतो. आमचं यंत्र तो अंदाज वाचतं आणि ऐकू येणारं त्याच्याशी जुळवून घेतं. आंब्यातली कोय काढून द्यावी, तसं.”

“आणि ज्याच्या अंदाजात उद्या पाणी येणारच असतंय, त्याला?”

“त्याला तेवढा दिवस सुखाचा जातो,” डॉक्टर म्हणाले आणि घड्याळ बघू लागले.

स्टुडिओत अध्यक्ष खरमाटे आणि इतर सदस्य माईकसमोर बसले. खऱ्या आवाजाची सवय नसल्यामुळे कोणी नुसतं खाकरलं तरी ते अंग चोरत होते. तन्वीताईंनी मुद्दे मांडले. पुराची सूचना गोड करून चालत नाही, साथीची बातमी गोड करून चालत नाही. अध्यक्षांची मान हळूहळू डोलायला लागली. डॉक्टरसुद्धा काहीतरी टिपून घेत होते. जमतंय, असं तन्वीताईंना वाटलं.

“आता श्रोत्यांचे प्रतिनिधी,” अध्यक्ष म्हणाले. दार उघडलं आणि इस्त्रीचा सदरा घालून पारसराव आत आले.

“साहेब, माझी एकच विनंती आहे,” पारसराव माईकमध्ये म्हणाले. “या रेडिओवरची ती पाणीवाली बाई बंद करा. आवाज आहे का काय तो! सकाळी सकाळी जीव नकोसा करतीया. माझ्या बायकोला म्हटलं मी हे, तीपण म्हणाली, मलासुद्धा तिचा वैताग आलाय.”

तन्वीताईंना ते संभाषण लख्ख आठवलं. ‘अहो, ती मीच,’ एवढंच त्या म्हणाल्या होत्या. रडूच आलं. तरी माईक जवळ ओढून त्या म्हणाल्या, “अहो, इकडं बघा. ती बाई मीच. मीच सांगते पाणी, मीच सांगते झाकण.”

पारसरावांनी पाहिलं. समोर त्यांची बायको होती आणि तिच्या तोंडातून ती पाणीवाली बोलत होती. ते घाबरले. उठून टेबलाला वळसा घालून आले, बायकोच्या पाठीवरून हात फिरवला आणि मोठ्या मायेने तिच्या माईकचं बटण बंद करून तो स्वतःकडे ओढून घेतला.

“हां, आता बोल,” ते म्हणाले. “बरं वाटतंय ना?”

“बंद करू नका हो! मी बोलते ते मग कधीच ऐकू येणार नाही तुम्हाला!”

पारसरावांचा चेहरा उजळला. “हीच! हीच आमची! साहेब, बघा, आवाज कसा साखरेसारखा झाला.”

तन्वीताई अध्यक्षांकडे वळून ओरडल्या, “साहेब, हे अनुदान तोडू नका. गाव बहिरं होईल!”

अध्यक्षांनी समाधानाने डोळे मिटले. “वा, ताई! मन मोठं आहे तुमचं. स्वतःच्या तोंडाने बंद करा म्हणालात. मग आता चर्चेचं कारणच उरलं नाही.” डॉक्टर वाळवेकरांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

तासाभरात स्टुडिओवरचा लाल दिवा काढूनसुद्धा नेला. नवराबायको चालत घरी निघाले. पारसरावांनी तिची पिशवी स्वतःकडे घेतली होती. माणूस मुळात प्रेमळच.

“काय गं,” वाटेत त्यांनी विचारलं, “उद्या पाणी येणार ना?”

“नाही,” तन्वीताई म्हणाल्या. “चार दिवस येणार नाही. घरी गेल्या गेल्या भरून ठेवू.”

“मग बरं झालं,” पारसराव म्हणाले आणि निवांतपणे पान खायला टपरीकडे वळले.