लियोंची रीत

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि जयश्रीच्या हातातली बॅग कुणीतरी अलगद काढून घेतली.

“एवढी जड? फ्रान्समधले दगडधोंडे उचलून आणले की काय?”

ती जागच्या जागी थबकली. हाच तो आवाज! वर्षभर दर रविवारी फोनमधून ऐकलेला... त्याला असा चेहरा असेल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं. सावळा, हसरा, घामानं कपाळाला चिकटलेले केस.

“हेमराज?”

“हो. तुमच्या सेवेला—”

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. जयश्री एक पाऊल पुढे झाली. तिनं आपला उजवा गाल त्याच्या गालाला टेकवला, मग डावा... आणि डोळे उघडले तेव्हा समोर लिंबायतची अख्खी गल्ली उभी होती.

दारात आई, म्हणजे सरलाबाई, हातात ओवाळणीचं ताट. ओट्यावर शेजारच्या पार्वतीबाई. आणि रिक्षातून अर्धे बाहेर, अर्धे आत राहिलेले बाबा. बाजूच्या कापडाच्या खात्यातले पावरलूम तेवढे खडखडत होते.

“व माय वं!” पार्वतीबाईंनी तोंडाला पदर लावला.

जयश्रीचे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. हेमराज बॅग हातात धरून नुसता उभा होता. खाली ठेवावी की घरात न्यावी, हेही बिचाऱ्याला कळेना!

ती स्कॉलरशिपवर फ्रान्समध्ये लियोंला कापडाचं शिक्षण घ्यायला गेली, त्यानंतर गल्लीच्या टोकाला हेमराजचं एसटीडीचं बूथ उघडलं. म्हणून ओळख झाली ती फक्त फोनवर. ती नदीकाठच्या काचेच्या बूथमधून फोन लावायची, तो गल्लीत तोंड काढून “सरलाकाकू, लियों!” अशी आरोळी ठोकायचा. आई हात पुसत येईपर्यंत फोन त्याच्याच हातात.

“आज काय जेवलात?”

“कॅन्टीनमधला उकडलेला फ्लॉवर. आणि पाव... हातभर लांब. इथे लोक काखेत धरून नेतात.”

“काखेत? शिव शिव! आणि मग खातात?”

“खातात. मीही खाते.”

“मग परत आल्यावर आमच्या हातची खिचडी तुम्हाला कुठे गोड लागणार?”

“करून तर बघा...” असं म्हणून ती स्वतःच लाजायची. बाहेर बारीक पाऊस लियोंच्या पुलांवर पडत असायचा, आणि खोलीवर परतताना तिला थंडी वाजायची नाही. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, नाणं टाकलं की मशीन कपडे धुतं, मैत्रीण सँड्रीन झोपेतून उठून आली तरी आधी गालाला गाल लावते आणि मग दात घासते... सगळं ती त्याला सांगायची.

“सगळ्यांना गाल लावतात?” त्यानं एकदा विचारलं होतं.

“सगळ्यांना. वर्गातल्या मुलांनासुद्धा.”

“...आणि तुम्ही?”

तेवढ्यात आई आली होती.

गल्लीतल्या त्या प्रकारानंतर जयश्री घराबाहेर फारशी पडली नाही. नळावर जायची तरी लाज. बायका तिला बघून बोलायचं थांबत आणि ती गेली की पुन्हा सुरू होत. बाबांनी जेवताना ताटाकडे बघतच सांगून टाकलं, “एका वर्षात ही तऱ्हा! बस झालं शिक्षण. सुट्टी संपली तरी परत जायचं नाही.” पार्वतीबाई तर दोंडाईच्याचं स्थळ घेऊनच आल्या.

मग हेमराज आला. जयश्री आत पडद्याआड उभी होती. “काका, ती तिथली रीत आहे,” तो बाबांना म्हणाला. “आपण रामराम करतो ना, तसं. मीच होतो म्हणून काही नाही. माझ्या जागी पोस्टमन असता तरी त्यांनी तेच केलं असतं.”

बाबांनी तिला बाहेर बोलावलं. “खरं का गं?”

तिनं हेमराजकडे बघितलं नाही. “हो बाबा. सवयीनं झालं. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही... कोण आहे ते.”

बाबांचा चेहरा सैल झाला. “जा मग सप्टेंबरात. पण इथे इथलं वागायचं.” हेमराज मान हलवून निघाला. चपला घालताना त्याचा पाय दोनदा चुकला. ते बघून तिला गल्लीत आली नव्हती एवढी लाज आली. गल्लीसमोर ती नुसती ओशाळली होती. आता ती मनातून उतरली होती, आणि तीही स्वतःच्याच.

दुसऱ्या दुपारी लियोंच्या हॉस्टेलला खोली हवी असल्याचं फोनवर कळवायचं होतं. आई सोबत आली आणि बूथच्या पायरीवर सावलीला बसली. आत पंखा घरघरत होता.

“नंबर?” हेमराजनं वर न बघता विचारलं.

“तुम्ही रागावलात.”

“मी कोण रागावणार? मी तर पोस्टमन.”

“ते तुम्हीच म्हणालात!”

“तुम्ही हो म्हणालात की.” तो जरा हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. “जाऊ द्या. रीतच ती... त्यात काय एवढं. मीच वेडा, उगाच रात्रभर गालाला हात लावून बसलो.”

जयश्रीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बोलावं तर लियों गेलं, न बोलावं तर हा गेला.

“तिथे मला सगळे हसतात,” ती हळूच म्हणाली.

“का?”

“मी लांबूनच हात जोडते म्हणून. सँड्रीन जवळ आली की मी मागे सरकते. वर्षभरात मी एकालाही... कुणालाच गाल लावला नाही.”

हेमराजच्या हातातला रिसीव्हर तसाच अधांतरी.

“मग त्या दिवशी—?”

“त्या दिवशी तू होतास ना.” तुम्हीचं तू कधी झालं, तिलाही कळलं नाही. “सवय नव्हती रे ती. सगळ्यांसमोर खोटं बोलले. चुकून झालं असतं तर एवढी लाज कशाला वाटली असती?”

“जयश्री...” तो एवढंच म्हणाला. वर्षभर एवढा बडबडणारा माणूस!

पायरीवर काकणं वाजली. सरलाबाई दारात उभ्या होत्या. बूथचं दार उघडंच राहिलं होतं.

“आई, मी बाबांना सांगते सगळं. नाही गेले लियोंला तरी—”

“गप बस!” आई म्हणाली. “तू माले आंधयी समजस का? माना हातमा ताट व्हतं, तधयच माले समजनं. रामराम करताना कोनी डोया मिटस का?”

जयश्रीची मान आणखी खाली गेली. हेमराज तर टेबलाआड लपायलाच निघाला होता.

“तुना बापले आत्ते काही सांगू नको,” आई म्हणाली. “पहिले शिकीसन ये. मंग मी पाहसू.” आणि हेमराजकडे वळून, “तू काय पाही राहयना रे? लाव ना तो फोन!”

त्यानं घाईघाईनं नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. नंबर चुकला होता. पलीकडून कुणी म्हाताऱ्या बाई वैतागून “आलो? आलो?” असं फ्रेंच थाटात हॅलो करत होत्या. जयश्रीनं त्यांची फ्रेंचमध्ये माफी मागितली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर करून, सरळ हेमराजकडे बघत हसली.