झुंबरबाईची दोरी

सुनील माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याने आमच्या आबांचा सुतारकामाचा सामता शिर्डीच्या एका हॉटेलला शोभेसाठी विकला, तो परत आणायला मी श्रीरामपुरातून सकाळच्या एसटीने निघाले. एवढंच काम होतं.

हाताने फिरवायच्या जुन्या ड्रिलचा मला नाद आहे. भंगारातून आणते, तेल पाजते, वापरते. पण सामता वेगळा. लाकडी दांडा, खाली पोलादी टोक, दांड्याला दोरीचे वेढे. एकाने वरची मूठ दाबायची, दुसऱ्याने दोरी आलटूनपालटून ओढायची, की लाकडाला भोक पडतं. आमच्याकडे आबा दाबायचे, आई ओढायची. नाव झालं आबांचं, अंगद सुताराचं. आईच्या, झुंबरबाईच्या तळव्यांची सालं निघाली, ती कुणाला दिसली? आता दोघंही नाहीत.

हॉटेलवाल्यांनी सामता स्क्रू मारून भिंतीवर बसवला होता. प्रसादाच्या पिशव्या घेतलेले भक्त बघत उभे राहिले, पण सामता हातात पडेपर्यंत मी तोंडाचा पट्टा थांबवला नाही.

दुपारी घरी आले तर लाईट गेलेली. दोन विटांवर फळी आडवी टाकली, सामता तिच्यावर भिंतीला टेकवून उभा केला, दोरीचे वेढे दिले. खोलीत मिश्रीचा वास आला. आईच्या मागे आमच्या घरात मिश्री कुणी लावत नाही.

तेवढ्यात सुनील दारात.

"ताई, दे तो इकडं. हॉटेलातून फोन आल्ता. माझी पार इज्जत घालवली तू."

"न्हाई देनार. आईचा हाय तो."

"आईचा?" तो हसला. "आबांचा हाय. आई काय, नुसती दोरी तर वढायची!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो खाली बसला, एका हाताने मूठ धरली, दुसरा फळीखाली घातला. सगळंच उचलून न्यायचं होतं त्याला.

दोरी ताणली गेली.

आधी हळू. कर्र… कर्र… मग लयीत. टोकाभोवती भुसा जमू लागला.

"ताई, दोरी सोड…"

मी दोन्ही हात वर करून दाखवले. ते रिकामे होते.

त्याने मूठ सोडायला हिसका दिला. "हात निघंना, ताई… खालचा पन… थांबव ना ते…"

थांबवायला हवं होतं. पण मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू! दोरीच्या पलीकडे कुणीच नव्हतं. नुसती धाप ऐकू येत होती. मग आईचा दमलेला आवाज आला.

"सुकन्या… दाब."

फळी पातळ होती, ते मला दिसत होतं. मी सुनीलच्या मुठीवरच्या हातावर माझा हात ठेवला आणि सगळा भार टाकला.

त्याच्या फळीखालच्या तळव्याला टाके पडले. हात मशीनमध्ये अडकला, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं. आता लाईट गेली की तो आपणहून येतो, खाली बसतो आणि दोरी ओढतो. मी त्याला थांब म्हणत नाही, माझा राग अजून उतरलेला नाही. मूठ मी धरत नाही. खोलीत मिश्रीचा वास असतो. वरून कोण दाबतंय, ते तो मान वर करून बघत नाही.