हलक्या गाडीचं वजन

शेवटी ती गाडी मार्तंडनेच घेतली. पण हे झालंच नाही असं आपण धरून चालू, कारण मार्तंडही तसंच धरून चालतो. झाशीच्या नगऱ्यात, त्याच्या मोहल्ल्यात, कुणी विचारलं तर म्हणतो, "कुठली गाडी?" आणि ती त्याच्या पाठीमागे उभी असते, लालभडक.

तर गाडी अजून घ्यायची आहे. मार्गशीर्षातल्या एका इतवारची सकाळ आहे, आणि सिविल लाइंसमध्ये राधाबाईंच्या बंगल्यापुढे, कडुनिंबाखाली, मार्तंड दोन सीटांच्या उघड्या टपाच्या गाडीभोवती हात मागे बांधून फिरतो आहे. गाडी फायबरची; इतकी हलकी की वारा सुटला तर हँडब्रेक ओढावा. झाशीत अशी एकच. राधाबाईंच्या मुलाने, गजाननने, ती हौसेने घेतली, हौसेने पळवली, आणि पुण्याला नोकरी लागल्यावर तितक्याच हौसेने निंबाखाली सोडून दिली.

मार्तंड रेल्वेच्या कारखान्यात कारकून, पण गाड्यांवरचं वाचन दांडगं. जुनी हलकी गाडी घेताना काय काय बघावं, हे त्याने बायकोला, इंदूला, आठवडाभर जेवताना ऐकवलं होतं. बिजागरीपाशी फायबरला तडे गेलेत का. खालची लोखंडी चौकट गंजलीय का. पायाखालचा गालिचा उचलून ओल बघावी. आणि चुंबक न्यावं; अपघात झालेल्या गाडीत पुट्टी भरलेली असते, तिथे ते चिकटत नाही. इंदूने फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती काढून दिला. मार्तंडने तो बॉनेटला लावला, पडला. दाराला लावला, पडला. फायबरला चुंबक चिकटत नाही हे त्याला ठाऊक होतं, पण परीक्षा ती परीक्षा, आणि निकालाप्रमाणे ही अख्खी गाडीच पुट्टीची होती.

गणपती खिशात टाकून तो गुडघ्यांवर बसला. चौकट ठीक. गालिचा कोरडा. फक्त डावीकडचे दोन्ही टायर जास्त झिजलेले.

"तिकडे कायम तूच बसायचास ना," राधाबाई पायरीवरून म्हणाल्या.

खरं होतं. दर इतवारी तो आणि गजानन हवा खायला निघत. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत गजाननचे आजोबा तपकीर ओढत बसलेले असत, नानासाहेब. निघताना मार्तंड म्हणायचा, "चला नानासाहेब, येताय?" आपण जेवत असताना कुणी दारात आलं की "या जेवायला" म्हणावं, तसं. त्यावर आलेल्याने "होऊ द्या, होऊ द्या" म्हणायचं असतं, पाट ओढून बसायचं नसतं. आपल्या लोकांना हे जन्मापासून माहीत असतं. नानासाहेबांनाही असणार. पण ते उठायचे. "आलोच, टोपी घेतो," म्हणून आत जायचे. तोवर गाडी फाटकाबाहेर. पहिल्या खेपेला ते आपसूक झालं. पुढे मार्तंड मुद्दाम विचारू लागला, चेहरा अगदी गंभीर ठेवून. आणि आरशात काळी टोपी घातलेला म्हातारा पायरीवर उभा दिसला की दोघं बरुआसागरच्या तळ्यापर्यंत हसत जायचे.

नानासाहेब गेल्या कार्तिकात वारले. मार्तंड घाटावर गेला होता. तिथेही त्याने तोच गंभीर चेहरा केला, कारण त्याच्याकडे दुसरा नव्हता.

राधाबाईंनी चहा दिला. शेवटी शेवटी मामंजींना कशाचीच शुद्ध नव्हती, असं त्या सांगत होत्या. घरची माणसं ओळखेनात, जेवलो की नाही ते आठवेना. "पण इतवार बरोबर कळायचा. सकाळी उठले की टोपी मागायचे." यात टोमणा नव्हता. असता तर मार्तंडने चहा संपवला असता.

गाडी त्याने नाही घेतली तर भंगारवाला उद्याच न्यायला तयार होता.

मार्तंड चक्कर मारायला बसला. किल्ली फिरवली, गियर टाकला, आणि जुन्या सवयीने, व्हरांड्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघून, तोंडातून निघून गेलं, "चला नानासाहेब, येताय?"

बोलल्याबरोबर त्याचा पाय क्लचवरून सटकला. गाडीने आचका दिला आणि ती बंद पडली.

पुन्हा सुरू व्हायला तिने बराच वेळ घेतला. "येताय?" विचारल्यावर इतका वेळ ती फाटकाच्या आत कधी थांबलीच नव्हती. इंजिन लागलं, आणि डावी बाजू हळूच खाली गेली, हलक्या गाडीत कुणी टेकलं की जाते तशी.

स्प्रिंग बसलीय, मार्तंडने ठरवलं. त्याच्या वाचनात तसं होतं. बरुआसागरच्या रस्त्याला लागल्यावर गाडी डावीकडे ओढू लागली. त्यालाही वाचनात कारण होतं. तपकिरीच्या वासाला मात्र नव्हतं. उघड्या टपाच्या गाडीत वास टिकत नाही. हा टिकला. डावीकडच्या रेक्झिनला मध्यभागी खळगा पडला होता, आणि वळण आलं की तो खळगा जरा सरकायचा.

वाटेत ट्रक तोलायचा काटा लागला, धर्मकाँटा. मार्तंडला हायसं वाटलं. हलक्या गाडीचं वजन पुस्तकात छापलेलं असतं. जुळलं की प्रश्न मिटला. त्याने गाडी काट्यावर घातली आणि खाली उतरून लांब उभा राहिला.

खोलीतल्या माणसाने आकडा बघितला. "कोई बैठा है क्या?"

"कोई नहीं, भैया."

माणसाने खिडकीतून मान काढून गाडीकडे पाहिलं, मग पुन्हा आकड्याकडे. "तो फिर हमारे काँटे में बैठा होगा," म्हणाला आणि चिठ्ठी फाडून दिली.

पुस्तकापेक्षा वजन जास्त भरलं होतं. मार्तंडने पेट्रोल वजा केलं, जॅक वजा केला, स्वतःच्या खिशातला गणपतीसुद्धा वजा केला. एका सडपातळ म्हाताऱ्याइतकं उरलंच.

आता उतरा म्हणावं, तर ज्याला या म्हटलं त्या वडीलधाऱ्याला उतरा म्हणायची आपल्यात रीत नाही. मार्तंड मुकाट्याने पुढे निघाला. तळं दाखवू, त्याच्या मनात आलं. तळ्यासाठीच आले असतील.

तळ्याकाठी त्याने डावीकडचं दार उघडून धरलं. पाण्यावर ऊन होतं, पलीकडे किल्ल्याची भिंत, कुणीतरी डोंगीत बसून शिंगाडे काढत होतं.

गाडी वर आली. दोन्ही बाजू समान.

मार्तंडने दार लावलं. जाऊन बसला. किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. रस्ता मोकळा होता. आता निघालं की सुटलं. काम तर त्याच्या सरावाचं होतं.

त्याने आरशात पाहिलं नाही.

पाय क्लचवर होता. तो तिथेच राहिला.

त्याने इंजिन बंद केलं. हात मांडीवर ठेवले. "सावकाश या," म्हणाला. या वेळी ते त्याने मनापासून म्हटलं, आणि आपण काय करून बसलो हे त्याला लगेच कळलं.

ऊन बरंच वर आलं, तेव्हा डावी बाजू खाली गेली.

राधाबाईंना त्याने गाडी घेतो म्हणून सांगितलं. त्या अवस्थेत ती भंगारवाल्याच्या हवाली करणं बरं दिसलं नसतं. नगऱ्याला पोचला तेव्हा इंदू कुंकवाचा करंडा घेऊन दारातच उभी होती. पहिल्यांदा कुठे जायचं, हे तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. बॉनेटला कुंकू लावून तिने डावीकडचं दार उघडलं.

आणि थांबली. पदर डोक्यावरून घेतला. नानासाहेबांना तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि पदराचं म्हणाल तर लग्नातही तो घ्यायचा नाही म्हणून ती भांडली होती. तिने दार हलक्या हाताने लावलं.

"तुम्ही दोघं जाऊन या," ती म्हणाली. त्यानंतर गाडीचं नाव तिने घरात काढलं नाही.

बरेच इतवार असे गेले. मग एका इतवारी मार्तंड बाहेर आला, तर गाडी उजवीकडे झुकलेली होती. डावीकडची जागा रिकामी. इंजिन चालू.

तो गाडीला वळसा घालून डावीकडे जाऊन बसला.

सध्या परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर त्याचा एक अर्ज पडून आहे. मूळ हिंदीत आहे, मराठीत असा:

"सदर वाहन दर इतवारी एक वयोवृद्ध गृहस्थ चालवीत असून अर्जदार केवळ शेजारी बसतो. मागील इतवारी ते तळ्यापाशी न थांबता बरेच पुढे गेले. तरी वयाची व हयातीची अट शिथिल करून त्यांच्या नावे वाहन चालविण्याचा परवाना देण्यात यावा, आणि सदर परवान्यात परतीचा प्रवास सक्तीचा करण्यात यावा, ही नम्र विनंती."