परत जाण्याची तारीख

दोघी बहिणींचा समेट मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता झाला आणि गुरुवारी दुपारी धाकटीने थोरलीच्या मांडीवर प्राण सोडला. पण हे घडलंच नाही असं आपण धरून चालू, कारण ख्रिस्ती मंडळीच्या समितीने तसंच धरलेलं आहे, आणि समितीच्या विरोधात जाऊन कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही.

तर जे घडलं नाही ते असं.

प्रार्थनामंदिराच्या मागच्या गल्लीत मंडळीचं एक घर होतं. दूरदेशी सेवेला गेलेले मिशनरी चार वर्षं राबून एका वर्षासाठी परत येत. त्या वर्षाला समिती 'घरमुक्काम' म्हणे, आणि तेवढ्यापुरतं हे घर त्यांना राहायला मिळे. पुढे दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकघर, मागे एक लांबुडकी खोली. मागच्या खोलीत थोरली राहायची. तेवीस वर्षं घराची देखभाल तिच्याकडे होती, आणि देखभाल म्हणजे मुख्यतः देणग्यांची. मंडळीत कुणाकडे नवीन काही आलं, की जुनं मिशनऱ्यांच्या सेवेत रुजू होई. त्यामुळे घरात चार सोफे होते, भिंतीवरची घड्याळं नऊ होती, इस्त्र्या सहा होत्या, आणि बादली एकच होती, तीही गळकी. यातलं काहीही टाकायची सोय नव्हती. देणारे रविवारी उपासना सुटली की सहज म्हणून डोकावत, आपला सोफा जागेवर आहे हे पाहत आणि तृप्त अंतःकरणाने घरी जात.

या सोफ्यांमधून वाट काढत धाकटी पाचव्यांदा घरमुक्कामाला आली, ती एका हाताने भिंत धरूनच.

"आत येऊ ना, ताई?"

"पाय पूस आधी," थोरली म्हणाली, आणि तिच्या हृदयात चोवीस वर्षांचं वात्सल्य, मत्सर, ओढ आणि अपमान असं काही एकदम उसळून आलं, की तिने वळून उगाचच एका घड्याळाला किल्ली दिली…

कारण चोवीस वर्षांपूर्वी जायची होती ती थोरली. दोघी नर्स. मंडळीच्या दूरदेशीच्या दवाखान्यासाठी समितीने निवडलं थोरलीला, आणि नेमकी त्याच महिन्यात आई अंथरुणाला खिळली. कुणीतरी एकीने मागे राहायचं होतं. थोरलीने आईच्या उशाशी बसून, डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच जिरवत, आपली जागा धाकटीला दिली. समितीने कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'प्रवास सोसत नाही.' आई अकरा महिन्यांनी गेली, भाड्याची खोलीही आईबरोबरच गेली. थोरलीने पुन्हा अर्ज केला. समितीने कळवलं की दवाखान्यात दुसऱ्या नर्सची गरज नाही, मात्र मिशनऱ्यांच्या घराला काळजीवाहू हवी आहे. तेव्हापासून ती लोकांची अंथरुणं घालत होती, दर चार वर्षांनी धाकटीचंही घालत होती, आणि मंडळीसमोर धाकटी दवाखान्याचे फोटो दाखवायची तेव्हा शेवटच्या बाकावर बसून प्रत्येक फोटोत, त्या रांगेच्या टोकाशी, पांढऱ्या कपड्यांत स्वतःला उभं करून बघायची…

समितीचे चिटणीस तिसऱ्या दिवशी अर्ज घेऊन आले. निवृत्त ग्रंथपाल होते ते. कुणाच्याही घरी गेले की आधी आवाज खाली करायचे.

"सगळं भरलंय ताई. परत जाण्याची तारीख तेवढी राहिली. पाच महिन्यांच्या आतली हवी, पुढे दुसरं कुटुंब येतंय."

"ती परत जाणार नाही हो. डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेत, तेही फार तर."

चिटणिसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ऐकून वाईट वाटलं. मनापासून. पण मग हे घर त्यांना देता येणार नाही. हे परत जाणाऱ्यांसाठी आहे."

"मग कुठे नेऊ तिला? इस्पितळाने घरी न्या म्हणून सांगितलंय. घर कुठलं ते नाही सांगितलं."

"तुमचे कुणी नातेवाईक?"

"आहे ना. मी."

"तुमच्या खोलीत काळजीवाहूने एकट्यानेच राहायचंय. कलम नऊ." आणि मग, खरंच दुःखाने, "मी नाही हो केलेलं ते कलम. मी फक्त टाईप केलं."

थोरलीने पेन घेतलं. आयुष्यात तिने कधी खोटं लिहिलं नव्हतं, तापाचा आकडासुद्धा कधी अर्ध्या अंशाने इकडचा तिकडे केला नव्हता, आणि आता प्रभूच्या घरात, प्रभूच्याच चिटणिसासमोर, तिने साडेचार महिन्यांनंतरची एक तारीख ठसठशीत लिहिली. तीन महिने डॉक्टरांचे, दीड महिना आपल्याकडून. सख्ख्या बहिणीच्या मरणाला तिने वरून दीड महिन्याची मुदत दिली, आणि अक्षरही नीट आलं.

चिटणिसांनी तारीख वाचली, थोरलीकडे पाहिलं, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

एक गोष्ट मात्र थोरली हिशेबात धरायला विसरली. धाकटीचं लहानपणापासून वेळेत कधी आवरलं नव्हतं. शाळेची घंटा झाली तरी ही वेण्यांतच. तीन महिने गेले, चार गेले, आणि ती तारीख उजाडली तेव्हा धाकटी उशीला टेकून बसली होती, पाव किलो कमी, पण हजर.

त्या दिवशी मंडळीने तिला निरोप दिला. खुर्चीत बसवून वेदीपुढे नेलं, पाळकांनी डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांनी मिळून गीत म्हटलं. ही बाई मरायला टेकलीये हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मिशनरी बारीकच असतात अशी मंडळीची समजूत होती. कुणीतरी वाटेसाठी सातवी इस्त्री दिली. बाहेर टॅक्सी उभी होती. थोरली 'स्टेशनापर्यंत सोडायला' म्हणून शेजारी बसली, आणि शंभरेक हात हलत असताना टॅक्सी निघाली.

"कुठल्या स्टेशनावर, बाई?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"उजवीकडे घे. परत उजवीकडे. अजून एकदा उजवीकडे."

"अहो, हे तर मागचं दार झालं."

"तेच."

"एवढ्यासाठी टॅक्सी?"

"इस्त्री आहे बरोबर," थोरली म्हणाली.

थोरलीने आणि टॅक्सीवाल्याने मिळून धाकटीला उचललं, स्वयंपाकघराच्या दारातून मागच्या खोलीत नेलं, थोरलीच्या पलंगावर निजवलं. तासाभरात पुढच्या दारातून नवं कुटुंब आलं, नवरा, बायको आणि तीन मुलं, आणि चिटणिसांनी नोंद केली: धाकटी, कार्यक्षेत्रावर रवाना.

त्या दिवसापासून थोरली स्वयंपाकघरात फरशीवर झोपू लागली. पण खरी पंचाईत खोकल्याची होती. भिंत पातळ. पहिल्याच सकाळी नव्या बाईने विचारलं, "कोण खोकतंय हो मागे?"

"मीच."

"पण तुम्ही तर इथे उभ्या आहात."

"जुना आहे खोकला. मागे राहतो," थोरली म्हणाली, आणि मग लोकांचा विश्वास बसावा म्हणून तिला दिवसभर, भाजी चिरताना, चादरी झटकताना, दारात कुणी आलं की अंगणातही, बहिणीच्या आवाजात खोकावं लागलं. धाकटीचा खोकला तिला इतका जमला, की कधी कधी आत धाकटी गप्प असायची आणि थोरली रिकाम्या स्वयंपाकघरात खोकत उभी असायची… आणि तिच्या मनात यायचं, हिचं दुखणं असं वाटून घेता आलं असतं तर निम्मं तरी हलकं झालं असतं.

मंगळवारी सकाळी ती औषध घेऊन आत गेली.

"ताई, एक सांगायचंय."

"गोळी घे आधी."

"गोळी घेतली की झोप लागते. ऐक ना." धाकटीने छताकडे पाहत सांगायला घेतलं. "पहिल्याच वर्षी समितीचं पत्र आलं होतं मला. आई गेल्यावर. तुमच्या ताई यायला तयार आहेत, दुसरी नर्स हवी का म्हणून. आणि मी…"

"तू लिहिलंस, इथे एका नर्सपुरतंच काम आहे, आणि ताईला प्रवास सोसत नाही. मागच्या बाजूला हवामान लिहिलं होतंस. ऊन फार आहे म्हणून."

धाकटीचे डोळे हळूहळू छतावरून खाली आले.

"तुला माहीत होतं?"

"समितीचं कपाट याच घरात आहे. दर शनिवारी पुसते मी. पुसायला काढलं की वाचलं जातं."

"केव्हा वाचलंस?"

"बावीस वर्षं झाली."

"चार वेळा आले मी, ताई. चार वेळा. दर वेळी माझं अंथरूण घातलंस, माझे केस धुतलेस…"

"अंथरूण घालणं कामात येतं," थोरली म्हणाली. "केस धुणं नाही येत."

धाकटीच्या गालांवरून आसवं कानांत ओघळली. थोरलीने ती टॉवेलच्या टोकाने टिपली, आधी एका कानातली, मग दुसऱ्या.

"दोनशे माणसं असायची गं रांगेत. चार हात पुरले नसते, आणि मी दोन हातांनी रेटत राहिले. काही माणसं… काही माणसं तू असतीस तर वाचली असती."

"मग का लिहिलंस?"

"तिथे मला पहिल्यांदाच कुणी धाकटी म्हणत नव्हतं. तू आली असतीस तर आठवड्याभरात मी परत धाकटी झाले असते."

"आणि आता काय झालीस?"

"धाकटी," ती म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल पडला.

नेमकी त्याच वेळी पलीकडे नव्या कुटुंबाची प्रार्थना सुरू झाली. बाप मोठ्याने म्हणत होता, हे प्रभू, तुझी दासी, आमची भगिनी, एव्हाना दूरच्या मुलखात पोहोचली असेल. प्रवासाने तिचं अंग आंबलं असेल. तिला मऊ अंथरूण दे. तिच्या उशाशी कुणीतरी मायेचं माणूस असू दे… मुलांनी एका सुरात आमेन म्हटलं. बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. धाकटीला हसू आवरेना, हसण्याचा खोकला झाला, आणि थोरली धावत स्वयंपाकघरात जाऊन तिच्या वाटणीचं खोकून आली.

परत आली तेव्हा धाकटीने विचारलं, "माफ केलंस का गं?"

"ते मी बावीस वर्षांपूर्वीच करायला घेतलं होतं. मध्ये मध्ये तुझे घरमुक्काम येत होते, म्हणून राहून जायचं."

भिंतीवर साडेदहा झाले होते. नऊ घड्याळांपैकी निदान तिघांच्या मते.

गुरुवारी दुपारी नवं कुटुंब मंडळीला फोटो दाखवायला गेलं होतं. घर रिकामं होतं, म्हणून दोघी मोकळ्या आवाजात बोलल्या. धाकटीने डोकं थोरलीच्या मांडीवर ठेवलं.

"माझी तारीख टळून गेली ना गं?"

"नऊ दिवस झाले."

"समिती रागावेल."

"रागावू दे," थोरली म्हणाली आणि तिचे केस विंचरू लागली, आणि एक बट सोडवून होईतो तिच्या लक्षात आलं नाही, की आपण आता एकटीच आहोत…

चिटणीस संध्याकाळी आले. मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले, पलंगाकडे पाहिलं, आणि सवयीने आवाज खाली केला.

"पण ताई, आपण तर त्यांना निरोप दिला."

"हो."

ते स्टुलावर बसले आणि खूप वेळ हुंदके देत राहिले. वाईट माणूस नव्हता तो. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. मग नाक पुसून त्यांनी समजावून सांगितलं. हे घडलं असं लिहिलं, तर तारीख खोटी ठरते, कलम नऊ मोडतं. थोरलीची खोली जाते ती जातेच, पण धाकटीचं नावही प्रार्थनामंदिरातल्या मिशनऱ्यांच्या फळ्यावरून पुसावं लागतं, चोवीस वर्षांसकट. घडलं नाही असं धरलं, तर नाव राहतं, फोटो राहतो, दवाखानाही तिच्याच नावाने चालतो. फक्त…

"फक्त काय?"

"तुम्हाला रडता येणार नाही. म्हणजे मंडळीसमोर."

थोरलीने खोलीभर नजर फिरवली. स्वतःची जागा तिने एकदा दिलीच होती. आता देण्यासारखं तिच्याकडे तेवढं एक रडणंच उरलं होतं. "फळा राहू दे," ती म्हणाली.

शुक्रवारी पहाटे पाळक, चिटणीस, थोरली आणि एक खड्डा खणणारा, अशा चौघांनी ते उरकलं. क्रूस लावला, त्यावर नाव घातलं नाही. रविवारी मंडळीने धाकटीच्या कार्यासाठी प्रार्थना केली. तिथे ऊन फार असतं, तब्येतीला जपावं, असं एका बाईने कळकळीने म्हटलं, आणि शेवटच्या बाकावर थोरलीने सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं. लोक जाताना तिला विचारत, धाकटीचं पत्र आलं का, आणि ती म्हणे, येईल. खोकला मात्र तिचा तिलाच थांबवता येईना. नव्या बाईने तिला मध आणून दिला.

पुढच्या महिन्यात समितीच्या सभेपुढे एक अर्ज आला. तो वाचला गेला नाही, पण तो असा होता:

प्रति, चिटणीस, मिशनरी निवास समिती. विषय: घरमुक्काम मंजूर करण्याबाबत. महोदय, समितीच्या नोंदीप्रमाणे माझी धाकटी बहीण सध्या कार्यक्षेत्रावर आहे. चार वर्षं पूर्ण होताच तिला एक वर्ष घरी पाठवणं नियमाने आवश्यक आहे. तरी त्या वेळी तिला घरी पाठवण्यात यावं. पुढच्या खोल्या रिकाम्या नसल्यास मागची खोली चालेल. मी स्वयंपाकघरात झोपेन. तिला चालवत नाही, तेव्हा घ्यायला मी स्वतः येईन, कुठे यायचं तेवढं लेखी कळवावं. प्रवास मला सोसतो, याची जुन्या नोंदीत दुरुस्ती व्हावी. आणि परत जाण्याची तारीख हा रकाना या खेपेस कोरा ठेवण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. कळावे. आपली नम्र, काळजीवाहू, मागची खोली.